परदेशी बँकेत आपले नाव

गेल्या महिन्यात खानापूर भागातील एका मातोश्रींचे पत्र आम्हांस आले. त्यांच्या ज्येष्ठ कन्येस पोर्तुगालातील कोइंब्रा येथील विद्यापीठात प्रवेश मिळाला असून सप्टेंबरात तिला निघावयाचे आहे. गावात येणाऱ्या-जाणाऱ्या एका गृहस्थांनी, मुलगी पोहोचण्याआधीच तिच्या नावे तेथील बँकेत खाते उघडून देतो, असे सांगितले आहे. त्यासाठी ते पासपोर्टाची प्रत, एका मुखत्यारपत्रावर सही आणि बरीच मोठी रक्कम मागतात. द्यावी की न द्यावी, असा मातोश्रींचा प्रश्न आहे. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न गोव्यातील वाचकांकडूनही यापूर्वी आलेला आहे. म्हणून खासगी उत्तर न धाडता येथेच लिहितो.

प्रथम एक भीती दूर करू. परक्या देशात आपल्या नावाचे खाते असणे हा गुन्हा नव्हे. भारतात राहणाऱ्या माणसासही रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते आणि त्या रकमेतून तेथे खाते उघडता येते. २००४ साली ही योजना आली तेव्हा मर्यादा अवघी पंचवीस हजार डॉलर होती. पोर्तुगालचा कायदाही परदेशस्थास मज्जाव करीत नाही. तेव्हा खाते उघडावे की नाही, हा आमच्या मते खरा प्रश्नच नव्हे. ते कोणाच्या पत्त्यावर उघडले जाते, बँकेचा निरोप कोणाच्या फोनवर जातो आणि घरात त्याची माहिती कोणाला असते, हे तीन प्रश्न खरे. आणि नेमके तेच विचारावयाचे राहून जाते.

पोर्तुगालात बँकेच्या आधी एक दुसरी पायरी आहे. तेथे प्रत्येकास नऊ आकडी करक्रमांक असतो. त्यास लोक 'नीफ' म्हणतात. आपल्याकडील पॅनसारखाच हा प्रकार. खोली भाड्याने घ्या, फोनची जोडणी घ्या, साधी औषधे विकत घेऊन पावती करा, दुकानदार नीफ विचारतो. बहुतेक बँकाही त्यावाचून परदेशस्थाचे खाते उघडत नाहीत. हा क्रमांक तेथील करखात्याच्या कचेरीत मिळतो. या कचेरीस तेथे 'फिनान्सश' म्हणतात. क्रमांक देण्याबद्दल सरकार शुल्क घेत नाही. मध्यस्थ घेतात ते त्यांच्या श्रमाचे, आणि पुष्कळदा श्रमाहून अधिक घेतात.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने करप्रतिनिधी नेमलाच पाहिजे, असे मध्यस्थ नेहमी सांगतात. त्यात अर्धेच सत्य आहे. ज्याचे पोर्तुगालात घर आहे, वाहन आहे, नोकरी वा धंदा आहे, म्हणजे ज्याचा तेथील कराशी संबंध जडला आहे, त्याला प्रतिनिधी लागतो; आणि त्यानेही करखात्याची पत्रे संगणकावर स्वीकारण्याची नोंदणी केली, तर २०२२ पासून प्रतिनिधीची सक्ती राहिलेली नाही. शिकावयास गेलेल्या मुलीचे तेथे घर नाही, मोटार नाही. ती पासपोर्ट घेऊन स्वतः कचेरीत गेली, तर आपल्या भारतातील पत्त्यावर क्रमांक मागू शकते. आगाऊ वेळ ठरवावी लागते, रांगेत उभे राहावे लागते, हे खरे. पण क्रमांक तिच्या हाती येतो. प्रतिनिधीमार्फत घेतल्यास करखात्याची पत्रे प्रतिनिधीच्या घरी जातात. पुढे संकेतशब्द हवा असला तरी त्याचेच दार ठोठवावे लागते. दरवर्षी तो आपले मानधन मागतो, आणि त्याला मोकळे करावयाचे तर त्याचेही निराळे कागद होतात. पुढे वास्तव्याचा परवाना मिळाला, म्हणजे मात्र करखात्यात पत्ता बदलून पोर्तुगालचा घालावयास विसरू नये.

आता बँक. तेथील बँका परदेशस्थाकडून जे मागतात ते पुढीलप्रमाणे: पासपोर्ट, करक्रमांक, राहण्याच्या पत्त्याचा पुरावा, व्यवसायाचा वा शिक्षणाचा पुरावा आणि पैसा कोठून येणार याचा खुलासा. पहिल्या ठेवीची रक्कम बँकेगणिक निराळी असते. यादी लहान दिसते. पण आपल्या गावच्या घरांतून ती पुरी करताना काय होते, ते आम्ही पाहिले आहे. विजेचे बिल आजोबांच्या नावे असते, आणि आजोबांस जाऊन वीस वर्षे झालेली असतात. घरपट्टी काकांच्या नावे असते. मुलीच्या नावाचा पत्त्याचा कागद म्हणून काहीच नसते. यावर सोपा उपाय असा की, निघण्यापूर्वी दोनतीन महिने येथील बँकेतील तिच्या खात्यावर पूर्ण पत्ता नीट नोंदवून घ्यावा आणि बँकेच्या शिक्क्यानिशी इंग्रजी उतारा घ्यावा.

नावाचा घोळ तर आपल्या समाजात घरोघरी आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आडनाव एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि पासपोर्टात मधले चिन्ह गळून सारे एकत्र. कोठे 'द सौझा', कोठे 'डिसोझा'. आपल्याला तो एकच माणूस दिसतो; परक्या देशाच्या कारकुनाला दोन दिसतात, आणि त्याला दोष देता येत नाही. बेळगावकडील कागदांवर वडिलांचे नाव मध्ये येते, गोव्याकडील कागदांवर येत नाही, ही त्यात आणखी भर. करक्रमांक, बँक, विद्यापीठ, खोलीचा करार, सर्वत्र पासपोर्टात आहे तेच नाव, अक्षरास अक्षर मिळवून घालावे. सहीसुद्धा पासपोर्टावरचीच करावी. ज्यांची सही पासपोर्टावर मराठीत आहे त्यांनी बँकेतही मराठीतच करावी. त्यात कमीपणा कसला? येथील दाखले तेथे सादर करावयाचे असल्यास त्यांवर अपोस्टील नावाचा शिक्का लागतो. भारत त्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली सामील झाला असून हा शिक्का आपले परराष्ट्र खाते देते.

इतके सारे करूनही बँक नाही म्हणू शकते. यात अपमान मानू नये. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाप्रमाणे संघातील देशांत कायदेशीर वास्तव्य असणाऱ्या प्रत्येकास साध्या खात्याचा हक्क आहे. पोर्तुगालात तर असे अल्पखर्ची खाते २००० सालापासूनच आहे, आणि त्याचा वार्षिक आकार सुमारे पाच युरोंच्या घरात राहतो. मात्र त्या माणसाचे दुसरे खाते नसावे, अशी सर्वसाधारण अट आहे. भारतात बसून अर्ज करणाऱ्यास हा हक्क नाही. त्याचे खाते उघडावे की नाही, हे बँकेच्या मर्जीवर आहे. आणि परदेशस्थांसाठी म्हणून जी खाती पुढे केली जातात त्यांवर दरमहा देखभालीचा आकार पडतो, त्या आकारावर चार टक्के मुद्रांक कर पडतो, आणि शिल्लक थोडी असली तर दोन वर्षांत ती वितळून जाते. म्हणून ज्या मुलीस विद्यार्थिनीचा व्हिसा मिळालेला आहे तिने तेथे पोहोचून, अल्पखर्ची खात्याची स्पष्ट मागणी करून खाते उघडणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. आपण न विचारता बँक ते दाखवीलच, असा भरवसा नाही.

मग पहिले काही आठवडे कसे निभावावयाचे? येथील बँकेतून युरो भरलेले प्रवासी कार्ड घ्यावे, आणि थोडी रोकड. एका प्रवासास तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. युरोपीय संघात शिरताना दहा हजार युरो वा अधिक रोकड जवळ असल्यास जकातीस सांगावे लागते. आपल्या मुलांवर तो प्रसंग सहसा येत नाही.

येथे मुखत्यारपत्राविषयी थांबून सांगितले पाहिजे. मुखत्यारपत्र म्हणजे आपला हात दुसऱ्यास देणे. कधीकधी ते अपरिहार्य असते, उदाहरणार्थ लिस्बनला वारसाहक्काचे काम निघाले आणि प्रकृतीमुळे जाता येत नाही. अशा वेळी ते करावे. पण त्यात काम कोणते, कोणत्या बँकेत, किती मुदतीपर्यंत, हे लिहिलेले असावे. "माझ्या वतीने सर्व बँकव्यवहार करण्यास" अशा मोघम शब्दांवर सही करू नये. पणजीस पोर्तुगालचे महावाणिज्य दूतावास आहे. बँकेचे खाते तेथे उघडून मिळत नाही, आणि मिळते असे कोणी सांगत असेल तर तो मनुष्य ओळखून असावा.

त्याहून नाजूक गोष्ट फोनची. आजची बँक खातेदारास चेहऱ्याने ओळखत नाही. फोनवर धाडलेल्या आकड्यांनी ओळखते. मध्यस्थाने अर्जावर स्वतःचा फोन आणि स्वतःचा टपालपत्ता लिहिला, तर कागदावर खाते आपल्या मुलीचे, पण व्यवहारात मालक तो. अशी खाती पुढे कोणत्या कामी येतात, हे युरोपातील पोलिसांस चांगले ठाऊक आहे. कोणाला तरी फसवून काढलेला पैसा त्या खात्यात येतो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच देशी जातो. मागे उरते ते खातेदाराचे नाव. विद्यार्थ्यांस तर उघड आमिष दाखवितात: "तुझ्या खात्यात थोडी रक्कम येईल, ती पुढे पाठव, शंभर युरो तू ठेव." शंभर युरो म्हणजे घरभाड्याचा चांगला हातभार, असे मुलास वाटते. परंतु पैसा चोरीचा असला तर तो वाहून नेणाराही तेथील कायद्याने आरोपी होतो. खाते बंद होते, दुसऱ्या बँका दारात उभे करीत नाहीत, आणि वास्तव्याचा परवानाही धोक्यात येतो. मुले घरून निघताना आपण त्यांस थंडीचे कपडे देतो, लोणचे देतो, नोव्हेनाचे पुस्तक देतो. ही एक गोष्टही त्यांस स्पष्ट शब्दांत सांगून धाडावी.

पैसे येथून पाठविताना अधिकृत बँकेतूनच पाठवावेत. बँक एक अर्ज भरून घेते, रक्कम कशासाठी जाते ते विचारते. 'शिक्षणासाठी' हे खरे उत्तर आहे, तेच लिहावे. तिकडच्या खात्याचा जो आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो तो पोर्तुगालात नेहमी पीटी५० पासून सुरू होतो आणि अक्षरे-आकडे मिळून पंचवीस भरतो. पाठविण्यापूर्वी बोटाने मोजून पाहावा. चोवीस वा सव्वीस भरले तर कोठेतरी चूक आहे. ओळखीच्या माणसाजवळ येथे रुपये देऊन तिकडे युरो घेण्याचा जो आडमार्ग आहे त्याची शिफारस आम्ही कधीच करणार नाही. त्याची पावती नसते, आणि पोर्तुगालच्या बँकेने "ही रक्कम कोठली?" असे विचारले की मुलीस दाखवावयास कागद नसतो.

आता 'अनिवासी' या शब्दाकडे वळू. कारण या एका शब्दाने चांगली शिकलेली माणसे गोंधळतात. हा शब्द एकाच वहीत लिहिलेला नसतो. परकीय चलनाच्या कायद्यापुरते, परदेशी शिकावयास गेलेला विद्यार्थी अनिवासी समजावा, असे रिझर्व्ह बँकेने २००३ साली स्पष्ट केले. म्हणजे येथील बँकेस कळवून तिचे साधे बचतखाते 'एनआरओ' प्रकारात बदलून घेतले पाहिजे. आखातात वा बोटीवर नोकरीस गेलेल्यांनाही असेच आपल्या बँकेस कळवावे लागते, आणि आपल्या गावांतून ही गोष्ट सर्रास राहून जाते. आयकराची वही मात्र निराळी. तेथे दिवस मोजतात. नोकरीनिमित्त बाहेर जाणाऱ्यास जी १८२ दिवसांची सवलत आहे ती शिकावयास जाणाऱ्यास नाही. म्हणून सप्टेंबरात निघालेली मुलगी त्या पहिल्या वर्षापुरती आयकराच्या दृष्टीने बहुधा येथलीच निवासी ठरते. पोर्तुगालच्या करखात्याची तिसरी वही. तेथे बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास माणूस निवासी होतो. एकच मुलगी एकाच वर्षी एका वहीत निवासी आणि दुसऱ्या वहीत अनिवासी असू शकते, यात विसंगती काही नाही.

याचा परिणाम घरच्यांनी नीट ध्यानात घ्यावा. जो भारतात सर्वसाधारण निवासी आहे त्याने आपल्या परदेशी खात्याची नोंद आयकराच्या विवरणपत्रात केली पाहिजे; उत्पन्न कराच्या मर्यादेहून कमी असले तरी केली पाहिजे. २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याने ही नोंद न करणाऱ्यास दहा लाख रुपयांचा दंड ठेविलेला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, घरजमीन सोडून अशा परदेशी मालमत्तेची एकूण किंमत वीस लाखांपेक्षा अधिक नसेल तर हा दंड लागू होत नाही. पण दंड नाही म्हणजे नोंद नको, असा अर्थ कोणी काढू नये. लपविण्यात अर्थही उरलेला नाही. २०१७ पासून भारत आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश खात्यांची माहिती परस्पर देणाऱ्या व्यवस्थेत सामील आहेत, आणि खातेदाराचा देश कोणता हे बँक खाते उघडतानाच विचारून ठेवते.

कित्येक वडील मायेपोटी म्हणतात, "पोरीच्या खात्यात माझेही नाव असू द्या." हेतू चांगला, पण त्या क्षणी वडिलांचेही परदेशी खाते झाले. त्यांनाही पोर्तुगालच्या बँकेस सारे कागद द्यावे लागतात, त्यांनाही येथे विवरणपत्र भरावे लागते. शिवाय तेथे संयुक्त खात्याचे प्रकार आहेत. एकात कोणीही एकटा सर्व रक्कम काढू शकतो, दुसऱ्यात सर्वांच्या सह्या लागतात. कोणत्या प्रकारावर सही करीत आहोत हे न कळता पुष्कळांनी सही केलेली असते. मुलीचे खाते मुलीच्या एकटीच्या नावे असावे, असे आमचे मत आहे.

गोव्यातील वृद्ध मंडळी मात्र परदेशी बँक म्हटली की मान हलवितात, आणि त्यास कारण आहे. बांको नासिओनाल उल्त्रामारीनु ही बँक लिस्बनला १८६४ साली स्थापन झाली. १८६८ साली तिची पणजीस शाखा निघाली. अडीअडचणीस घरातील सोने तिच्याकडे गहाण पडत असे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात येण्यापूर्वी ते गहाणाचे दागिने लिस्बनला हलविण्यात आले, आणि गोव्यात परत यावयास १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! ज्यांनी अंगावरचे काढून दिले होते त्यांपैकी किती जणींनी ते पुन्हा हातात घेतले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ती बँकही पुढे स्वतंत्र राहिली नाही. २००१ साली ती पोर्तुगालच्या दुसऱ्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली. आज तेथे प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदारामागे एक लाख युरोपर्यंतच्या ठेवीस हमी आहे, त्यामुळे विद्यार्थ्याच्या चार पैशांस बँक बुडण्याचे भय नाही. भय आहे ते विसरण्याचे.

शिक्षण संपवून वा नोकरी बदलून मुले दुसऱ्या देशी जातात. पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेली कुटुंबे तर गोव्याच्या प्रत्येक गावात आहेत. मागे लिस्बनचे खाते तसेच राहते. त्यात दोनशे युरो असतात, मग दीडशे, मग काहीच नाही, मग बँकेचे येणे. परत फिरताना खाते लेखी अर्ज देऊन बंद करावे आणि बंद केल्याचा कागद जपावा. ठेवावयाचेच असेल तर बँकेस नवा पत्ता आणि नवा करदेश कळवावा. पंधरा वर्षे ज्या ठेवीस कोणी हात लावीत नाही ती पोर्तुगालच्या कायद्याने सरकारजमा होऊ शकते.

आणि खातेदारच राहिला नाही तर? घरात कोणास बँकेचे नावही ठाऊक नसते, अशी पत्रे आम्हांस येतात. विधवा सुनेस एवढेच माहीत असते की "हे लिस्बनला दोन वर्षे होते." अशा कुटुंबांनी हताश होण्याचे कारण नाही. पोर्तुगालची मध्यवर्ती बँक, बांको द पोर्तुगाल, देशातील सर्व बँकखात्यांची एक नोंदवही ठेवते. मृताच्या नावे कोणकोणत्या बँकेत खाते होते, ही माहिती वारसांस तेथे अर्ज करून मागता येते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि आपण वारस असल्याचा पुरावा लागतो. त्या वहीत शिल्लक किती ते नसते, केवळ बँकेचे आणि खात्याचे नाव कळते, आणि शिल्लक मग त्या त्या बँकेकडे विचारावी लागते. मृताचा करक्रमांक हाती असला तर शोध पुष्कळ सोपा होतो. तो नऊ आकडी क्रमांक जुन्या भाडेपावतीवर, पगाराच्या चिठ्ठीवर, कधी औषधाच्या दुकानाच्या बिलावरही छापलेला सापडतो. म्हणून परदेशाहून आलेल्या माणसाची पेटी आवरताना ते चिटोरे चुलीत घालू नयेत.